संगणक चालू, इंटरनेट बंद : आता काय करावे?

धम्मचक्र प्रवर्तन दिन होऊन आठवडा झाला होता. भातकापणी चालू होती आणि परतीचा पाऊस रोज दुपारनंतर गडगडाट करून कापणाऱ्यांची धांदल उडवीत होता. अशा एका संध्याकाळी आम्ही कचेरीतून घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच आमची पुतणी दारात उभी राहिली. छत्री मिटता मिटताच म्हणाली, "काका, फॉर्म भरायचाय. परवा शेवटची तारीख आहे."

फॉर्म मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा. पुतणी रत्नागिरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा बाप, म्हणजे आमचा धाकटा भाऊ, गवंडीकाम करतो. पावसाळ्याचे चार महिने काम थंडच असते. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढचे वर्ष निभावेल, नाहीतर कर्ज काढावे लागेल, हा साधा हिशेब. १९४४ पासून चालत आलेली ही शिष्यवृत्ती; आपल्या समाजातील किती डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक आणि आमच्यासारखे कारकून तिच्यावर शिकले. पूर्वी तिचे अर्ज कॉलेजच्या खिडकीवर कागदावर घेत. आता तो अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर संगणकातूनच भरावा लागतो. कागद घेऊन खिडकीपाशी उभे राहिले तरी कोणी तो हातात घेत नाही.

आम्ही म्हटले, "बस बाय, आत्ता भरून टाकू." संगणक चालू केला. पडदा उजळला. पण कोणतेच पान उघडेना! आमचे सरकारचे संकेतस्थळ नाही, बँकेचे नाही, साधा गुगलसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा दाबले, टेबल हलविले, मागच्या तारा ओढून पाहिल्या. पुतणीचा चेहरा उतरला.

त्या संध्याकाळी आम्ही जे शिकलो ते एका घरापुरते राहू नये म्हणून हा लेख. आज प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज, दाखला, विजेचे बिल, सगळे या एका तारेवरून जाते. ती तार ऐन वेळी बंद पडते आणि शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून मेकॅनिक येईपर्यंत आपल्याला काय काय तपासता येईल, हे प्रत्येक घरात एकाला तरी माहीत पाहिजे.

तार गावात आली कशी

आमची पाली म्हणजे अष्टविनायकातील पाली नव्हे. ती रायगड जिल्ह्यात. आमची पाली रत्नागिरी तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, कोल्हापूरचा रस्ता जेथे फुटतो तेथे. गाव हमरस्त्यावर असले तरी वाड्या आत, चढउतारावर, झाडीत.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांत ते प्रथम दिले. टेलिफोनच्याच तारेवरून ते चाले. मोडेम आधी किंचाळायचा, मग जोडणी लागायची, आणि ती चालू असेपर्यंत घरचा फोन अडकलेला. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला 'ब्रॉडबँड' म्हणावे असे ठरले. आज त्या वेगाला लहान मूलही हसेल. आम्ही कॉलेज संपवून नोकरीचे अर्ज करीत होतो तेव्हा रत्नागिरीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसत होतो, आणि तास संपत आला की छाती धडधडायची.

आता वाडीत काचेचा धागा आला आहे. त्याला फायबर म्हणतात. केसासारख्या बारीक काचेतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर आपली पाने येतात. तंत्र बदलले, पण एक गोष्ट बदलली नाही. बंद पडले की आपण पूर्वीही गोंधळत होतो, आजही गोंधळतो.

आधी वाट डोळ्यांपुढे आणा

मुंबईहून एस.टी.ने पाठविलेली पेटी पालीला पोचली नाही तर आपण काय करतो? गाडी सुटली का ते विचारतो. मग चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असे एकेका थांब्यावर विचारीत येतो. पेटी जेथपर्यंत आली होती आणि जेथून पुढे आली नाही, त्या दोन थांब्यांच्या मध्येच ती अडकलेली असते.

इंटरनेटचेही तसेच आहे. पडद्यावरचे पान ज्या वाटेने येते तिचे थांबे मोजके आहेत. पहिला थांबा आपला संगणक. दुसरा, संगणकापासून भिंतीवरच्या डब्यापर्यंतची तार किंवा वायफाय. तिसरा तो डबा, ज्याला कोणी मोडेम म्हणतो, कोणी राऊटर. चौथा, डब्यापासून खांबावरून कंपनीच्या केंद्रापर्यंत गेलेला काचेचा धागा. पाचवा, कंपनीचे केंद्र आणि तेथून पुढचे जग. दोष या पाचांपैकी एका ठिकाणी असतो. तो कोठे नाही हे कळत गेले की कोठे आहे हे आपोआप उरते.

यासाठी पहिली परीक्षा अगदी सोपी. घरातला मोबाईल घ्या. त्याचा स्वतःचा डेटा बंद करा आणि त्याला घरच्याच वायफायवर लावून एखादे पान उघडा. मोबाईलवर पान उघडले, तर तिसरा, चौथा, पाचवा थांबा ठीक आहे. दोष संगणकाकडे आहे. मोबाईलवरही उघडले नाही, तर संगणकाला दोष देऊ नका. डबा किंवा बाहेरची लाईन पाहा. एका मिनिटात अर्धी वाट तपासून होते. आम्ही मात्र त्या दिवशी ही परीक्षा सोडून तासभर तारा ओढीत बसलो होतो!

मोबाईलवर पान उघडले. मग फॉर्म मोबाईलवरच का भरला नाही, असे कोणी विचारील. तोही प्रयत्न केला. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका हे सगळे स्कॅन करून ठराविक आकारात बसवून संगणकात ठेवलेले. शिवाय लहान पडद्यावर अर्ध्यातच पान निसटत होते. एक चुकीचा आकडा पडला तर वर्षाचे नुकसान. म्हणून संगणक चालू करणेच भाग होते.

डब्यावरचे दिवे वाचायला शिका

डब्यावर चार-पाच दिवे असतात. ते शोभेसाठी नाहीत. डबा त्यांच्यातून बोलत असतो.

'पॉवर' दिवा लागला नसेल तर डब्याला वीजच नाही. बोर्डावरचा खटका पाहा, अडाप्टरची पिन पाहा. कोकणात लाईट येते-जाते, त्यात अडाप्टर जळणे नेहमीचे. 'पॉन' हा दिवा स्थिर हिरवा असला की डब्याची कंपनीच्या केंद्राशी ओळख पटली आहे. तो सतत उघडझाप करीत असेल तर ओळख पटत नाही. 'लॉस' नावाचा दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल होऊन लुकलुकू लागला की प्रकाश डब्यापर्यंत येतच नाही, म्हणजे काचेचा धागा कोठेतरी तुटला, वाकला किंवा निघाला आहे. अशा वेळी घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. कंपनीत तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि 'लॉसचा दिवा लाल आहे' असे स्पष्ट सांगावे. मग फोनवरचा माणूस तुम्हाला अर्धा तास बंद-चालू करायला लावणार नाही. तक्रार करून काम झाले नाही तर प्रत्येक कंपनीत अपील करण्याची सोय ठेवलेली असते. ती नियमाने ठेवावीच लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

डब्यातून पिवळा किंवा पांढरा बारीक धागा निघतो. तो घट्ट वळवू नये, खिळ्याला गुंडाळू नये, त्यावर कपडे टाकू नयेत. आणि तुटलेल्या धाग्याच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. घरात लहान मुले असतील तर हे मुद्दाम सांगावे.

'लॅन' दिवा हा डब्यापासून संगणकाकडे जाणाऱ्या तारेचा. तो विझला असेल तर दोष त्या तारेत, तिच्या टोकात किंवा खोबणीत. टोक काढून पुन्हा घालावे. 'टक्' असा आवाज आला म्हणजे ते नीट बसले. टोकाची प्लास्टिकची जीभ मोडली असेल तर ते हळूहळू बाहेर सरकते. तारेवर उंदराचे दात पडले आहेत का तेही पाहावे. आमच्याकडे लॅनचा दिवा लागलेला होता.

आणि हो, सगळ्याआधी एक लाजेची गोष्ट तपासावी. महिन्याचे पैसे भरले आहेत का? मुदत संपली की दिवे सगळे नीट लागतात आणि पान एकही उघडत नाही.

बंद-चालू करण्याचीही रीत असते

'बंद करून चालू करा' हा सल्ला सगळेच देतात, पण रीत कोणी सांगत नाही. आधी संगणक बंद करावा, मग डबा बंद करावा. एक मिनिट थांबावे. मग आधी डबा चालू करावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. मगच संगणक चालू करावा.

हा क्रम कशासाठी? डबा हा घरातील प्रत्येक यंत्राला एक घरक्रमांक देतो. संगणक आधी उठला आणि डबा झोपलेला असला तर क्रमांक द्यायला कोणी नसते. मग संगणक आपल्या मनाने १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक घेऊन बसतो. त्या क्रमांकावर बाहेरचे काही येत नाही. पत्ता नसलेल्या घरी पोस्टमन जाईल कसा?

संगणकालाच विचारा

इथे थोडे इंग्रजी टाइप करावे लागते, पण घाबरण्यासारखे काही नाही. कळफलकावरील खिडकीच्या चित्राची कळ आणि 'आर' एकदम दाबावी. लहान चौकट येते. तीत 'सीएमडी' ही तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. काळी खिडकी उघडते. तीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द सलग टाइप करावा. संगणक आपला घरक्रमांक सांगतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. म्हणजे डब्याने क्रमांक दिला आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर वर सांगितलेल्या रीतीने बंद-चालू करावे, तार बदलून पाहावी.

त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' हा शब्द, मग एक जागा सोडून '८.८.८.८' असे टाइप करावे. हा गुगलच्या एका यंत्राचा क्रमांक आहे. पिंग म्हणजे दारावर टकटक करून 'आहे का कोणी?' असे विचारणे. चार वेळा उत्तर आले तर बाहेरच्या जगापर्यंत वाट मोकळी आहे. आता क्रमांकाऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकून पिंग करावे. क्रमांकाला उत्तर येते पण 'हे नाव सापडत नाही' असे संगणक म्हणत असेल, तर नावावरून क्रमांक शोधून देणारी यादी बिघडली आहे. टेलिफोनची डिरेक्टरी हरवावी तसे. या यादीला डीएनएस म्हणतात. डबा बंद-चालू केला की बहुतेक वेळा ती सुधारते. नाही सुधारली तर संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ हाच क्रमांक भरता येतो.

आम्ही हे सगळे केले. घरक्रमांक बरोबर. क्रमांकाला टकटक केली, उत्तर आले. नावाला केली, उत्तर आले. आणि पान? पान उघडेना! शेजारच्या मुलाच्या मोबाईलला चांगली रेंज येते. तो तारेने संगणकाला जोडला आणि त्याच्या सेटिंगमधील यूएसबी टेदरिंग चालू केले, म्हणजे त्याचा डेटा संगणकाला मिळाला. डबा, लॅनची तार, फायबर, सगळे वगळले गेले. तरी तेच. आता पाच थांब्यांपैकी एकच उरला, आमचा संगणक. ऐन वेळी लाईन तुटली तर मोबाईल असा जोडून अर्ज भरता येतो, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

कोकणातील नेहमीचे शत्रू

पुढे काय झाले ते सांगण्याआधी आपल्या मुलखातील काही दोष सांगून ठेवतो. ते शहरातल्या पुस्तकांत सापडत नाहीत.

पहिला शत्रू आकाशातली वीज. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात ती आपल्याकडे फार. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, पण डब्याच्या अडाप्टरमधून येते, धाग्याला आधाराची पोलादी तार असेल तर तिच्यावरूनही येऊ शकते, आणि मग लॅनच्या तारेतून संगणकात शिरते. गडगडाट सुरू झाला की नुसता खटका बंद करून भागत नाही. संगणकाची आणि डब्याची पिन बोर्डातून काढावी आणि लॅनची तारही काढावी. मात्र वीज ऐन डोक्यावर असताना तारांना हात लावू नये, आधीच काढावे.

दुसरा शत्रू दमट हवा. चार महिन्यांत तारेच्या टोकावरील पितळी दात काळेहिरवे होतात. कोरड्या कापडाने पुसावे, न जमल्यास टोक नवीन घालून घ्यावे. तिसरे कारण आपली घरे. जांभ्याच्या दोन जाड भिंतींच्या पलीकडे वायफाय दमते. डबा ओटीवर आणि संगणक माजघरात असेल तर डबा मध्यभागी, उंचावर ठेवावा. वायफायची दोन नावे दिसत असतील तर '५' चे वेगवान पण जवळचे, आणि '२.४' चे जरा हळू पण भिंतीपलीकडे जाणारे.

चौथे कारण आपल्या हातात नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीने खणताना जमिनीतली केबल तुटते आणि गावेच्या गावे बंद पडतात. वादळाचे तर विचारूच नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगडकडे वीज आणि फोन किती दिवस गेले होते ते तिकडच्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते आले. अशा वेळी शेजाऱ्याकडेही बंद आहे का, हे आधी विचारावे. सगळ्यांचे बंद असेल तर आपला संगणक निर्दोष.

त्याच २०२० च्या टाळेबंदीतील एक घटना. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्यातील दारिस्ते गावची एक मुलगी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. वर्ग मोबाईलवर सुरू झाले आणि घरी रेंज नाही. रेंज सापडली ती डोंगरावर. भावांनी तेथे लहानशी झोपडी बांधून दिली आणि भर पावसात ती पोरगी तेथे बसून शिकली. बातमी देशभर गेली, तेव्हा कोठे तिच्या गावापर्यंत इंटरनेट पोचविण्याची हालचाल झाली.

न्यायालयांनाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी एका कॉलेज विद्यार्थिनीच्या खटल्यात, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे असे मानले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, इंटरनेटवरून मत मांडणे आणि व्यवसाय करणे यांना राज्यघटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे असे सांगितले. म्हणजे ही नुसती चैनीची तार नव्हे. पण हक्क कागदावर असून पुरत नाही. तो वापरण्याची माहिती घरात असावी लागते.

पुतणीने वाचलेले वाक्य

आता आमच्या घरी येऊ. रात्रीचे नऊ वाजले होते. आमच्या घरच्या आयुष्यमतींनी दोनदा जेवायला हाक मारली. आम्ही हात टेकले आणि म्हटले, "उद्या रत्नागिरीला दुकानात नेऊ." पुतणी म्हणाली, "काका, थांबा. हा काय म्हणतोय ते वाचूया तरी."

पडद्यावर सुरुवातीपासून एक इंग्रजी वाक्य येत होते. आम्ही ते न वाचताच फुली दाबून बंद करीत होतो. इंग्रजी दिसले की 'काहीतरी बिघाड आहे' एवढाच अर्थ घ्यायचा, ही आमची सवय. पुतणीने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचले. अर्थ असा होता : 'तुमचे घड्याळ मागे आहे.'

आम्ही पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. तारीख होती १ जानेवारी २०१२!

मग सगळा उलगडा झाला. आदल्या रात्री विजा कडाडत होत्या म्हणून आम्ही शहाणपणाने पिन काढली आणि ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तशीच होती. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२ असे त्याचे नाव, ३ व्होल्टचा. पिन काढल्यावर तारीख-वेळ तोच सांभाळतो. आमचा संगणक जुना, सेकंडहँड घेतलेला. त्याचा सेल संपला होता. एरवी पिन बोर्डातच असे म्हणून ते कधी उघडकीला आले नाही.

पण तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध? आम्हा कारकुनांना हे चटकन समजते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक दाखला असतो आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे असते, जसे उत्पन्नाच्या दाखल्यावर असते. पान उघडण्यापूर्वी संगणक तो दाखला आपल्या तारखेशी ताडून पाहतो. खिडकीवर बसलेल्या कारकुनाचे कॅलेंडरच चुकीचे असेल तर तो प्रत्येकाचा खरा दाखला परत करील. आमचा संगणक २०१२ सालात बसला होता. त्याच्या मते सगळ्यांचे दाखले अजून निघालेलेच नव्हते! पिंगला दाखला लागत नाही, म्हणून त्याला उत्तर येत होते.

कोपऱ्यातल्या तारखेवर उजवे बटण दाबून, तारीख बदलण्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आम्ही त्या दिवसाची तारीख आणि वेळ हाताने भरली. फरक इतका मोठा असला की संगणक तो आपोआप दुरुस्त करीत नाही. आधी आपल्यालाच भरावी लागते. पान उघडले!

मग फॉर्म भरायला बसलो. ओटीपी भावाच्या मोबाईलवर यायचा आणि त्याला घरात रेंज नाही. पुतणीची धाकटी बहीण तो फोन घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात छत्रीखाली उभी राहिली आणि तेथून ओरडून आकडे सांगत होती. रात्री साडेअकराला अर्ज गेला. पडद्यावर अर्ज क्रमांक आला तो पुतणीने वहीत लिहिला, आणि मग सगळे जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून पन्नास रुपयांच्या आतबाहेर नवा सेल आणला. पिन काढून, जुन्याच्याच बाजूने बसविला.

कोणाला फोन करू नये

एक धोक्याची सूचना. नेट बंद पडले की माणूस मोबाईलवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. असे खोटे नंबर ठगांनी पसरविलेले असतात. ते गोड बोलून एखादे ॲप टाकायला सांगतात आणि तुमचा पडदा त्यांना दिसू लागतो. मग बँकेचे खाते रिकामे. कंपनीचा नंबर बिलावरचा किंवा डब्यावरच्या चिठ्ठीवरचाच घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

संगणकात विंडोज ७ सारखी फार जुनी प्रणाली असेल तर नवे ब्राउझर तिच्यावर चालत नाहीत आणि काही संकेतस्थळे उघडत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधारही कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविला. जुना संगणक घेताना हे विचारून घ्यावे.

शेवटी एक विनंती

आमचे कालकथित वडील मुंबईत गिरणीत होते. त्यांची पत्रे आली की वाडीतील एकुलत्या एका शिकलेल्या माणसाकडे आजी ती वाचायला घेऊन जायची. मनीऑर्डरचा फॉर्मही तोच भरायचा. तो परगावी गेला की पत्र चार-चार दिवस तसेच पडून राहायचे. पुढे घरोघर मुले-मुली शिकली आणि ते परावलंबन गेले.

आज संगणकाच्या बाबतीत आपण पुन्हा त्याच जागी उभे आहोत. वाडीत एक पोरगा 'नेटमधला' असतो. तो मुंबईला गेला की सगळ्यांचे फॉर्म अडतात. म्हणून विनंती एवढीच. या लेखातील क्रम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाजवळ भिंतीवर लावा : पैसे भरले का, मोबाईलवर चालते का, दिवे काय सांगतात, रीतसर बंद-चालू केले का, घरक्रमांक बरोबर आहे का, तारीख बरोबर आहे का. आणि पडद्यावर येणारे वाक्य वाचल्याशिवाय फुली दाबू नका. समजले नाही तर मुलीला वाचायला सांगा. मुंबईच्या चाळीत असा वा गावच्या वाडीत, विहारात रविवारी मुले जमतात तेव्हा अर्धा तास हे करून दाखवा. आणि अर्ज शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवू नका, हे आम्ही स्वतःलाही सांगतो आहोत.

परवाच शेजारच्या काकींचे नेट बंद पडले. त्यांनी आम्हाला हाक मारली नाही. आमच्या पुतणीलाच बोलावले, आणि दहा मिनिटांत ती हात झटकीत परत आली. "काय होते गं?" आम्ही विचारले. "काय नाय काका, उंदरान् तार कुरतडलीन्."